माझा हॉटस्पॉट, मावशी आणि कल्याणचं काळं तळं

सुलभामावशीला कल्याण दाखवायचं ठरलं ते खरं तर तिच्यामुळे नाही, तिच्या मुलामुळे. नचिकेत, म्हणजे माझा मावसभाऊ, कॅनडात असतो. त्याने एका संध्याकाळी फोन करून आधी इकडचं-तिकडचं विचारलं आणि मग आवाज उतरवून म्हणाला, "केतकी, आई तुझ्याकडे आठवडाभर आहे ना? एक दिवस तिला घेऊन फिर. आणि मला प्रामाणिकपणे सांग, ती वाईला एकटी राहू शकेल का? गेल्या महिन्यात तिने मला एकच गोष्ट दोनदा सांगितली."

"एकच गोष्ट दोनदा तर मीही सांगते," मी म्हटलं.

"मस्करी नाही गं. इथून मला काही कळत नाही. तू बघ आणि हो किंवा नाही सांग."

मी बघते म्हटलं. नक्की काय बघायचं हे मलाही माहीत नव्हतं, त्यालाही नसावं.

मावशीला विचारलं, कुठे जायचं? मला वाटलं येऊरच्या जंगलात म्हणेल, नाहीतर मॉलमध्ये. ती म्हणाली, "कल्याणला. लग्न झाल्यावर आम्ही पहिली काही वर्षं काळ्या तलावाजवळ राहायचो. त्याला किती वर्षं झाली कोण जाणे, पण एकदा बघायचंय." म्हणजे घोडबंदर रोडवरून शनिवारी सकाळी निघून कल्याण, तिथून डोंबिवलीला जेवण, आणि संध्याकाळपर्यंत परत. या ब्लॉगवर मी सहसा डोंगर आणि धबधबे लिहिते, पण आपल्या शेजारचं शहर आपण कधी बघतो?

आता एक तांत्रिक भाग, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वाईला मावशीच्या घरात तिच्या जुन्या कंपनीची रेंज येत नाही, म्हणून ती आल्या आल्याच आम्ही तिचा नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायला दिलेला. दुकानदार म्हणाला, जुनं सिम बंद पडेल, मग नवीन घाला, काही तासांत चालू होईल. आम्ही निघालो आणि माजिवड्याच्या सिग्नलला मावशीचा फोन मेला. म्हणजे फोन चालू, पण सिम बंद. नवीन सिम घातलं तर त्यावर 'नो सर्व्हिस'.

"म्हणजे मला आता कोणी फोन करू शकत नाही?" मावशीने विचारलं.

"साधा फोन नाही. पण मी तुला माझं नेट देते. मग व्हॉट्सॲप चालेल."

"तुझं नेट माझ्या फोनात कसं येणार?"

मी हॉटस्पॉट म्हणजे काय ते समजावलं. माझ्या फोनातून नेट हवेत पसरतं, तुझा फोन ते पकडतो, पण जवळ असलं पाहिजे, साधारण एका मोठ्या खोलीइतकं अंतर. तिने ते नीट ऐकलं आणि विचारलं, "आणि खोलीच्या बाहेर गेलं की?"

"की नेट गेलं."

"बरं. पासवर्ड सोपा ठेव." तिच्याच सांगण्यावरून मी तिचं नाव आणि त्यापुढे एक-दोन-तीन असा पासवर्ड ठेवला. माझ्या फोनवर आलं, 'एक डिव्हाइस कनेक्टेड'. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरचे सुप्रभात धडाधड वाजायला लागले.

रस्त्याबद्दल सांगते, कारण तुमच्यापैकी बरेचजण विचारतात. माजिवड्यावरून नाशिक हायवे धरायचा, खारेगाव, माणकोली, रांजणोली, आणि तिथे उजवीकडे वळून कोनगावातून दुर्गाडीच्या पुलावर. शनिवारी सकाळी लवकर निघालात तर बरं. आम्ही नाश्ता करून निघालो आणि माणकोलीपासून ट्रेलरच्या मागे ट्रेलर. मावशी मात्र मजेत होती. प्रत्येक गोदामाकडे बघून "इथे शेतं होती" म्हणत होती. एकाच वाक्याची मी मनातल्या मनात गणती ठेवतेय हे लक्षात आलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी खाडीकाठचा घाट आहे. गाडी जवळ लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी ती लांब एका गल्लीत लावली आणि आम्ही चालत आलो. खाडीला भरती होती. काठावरच्या पायऱ्यांवर उन्हं पसरलेली, एक-दोन होड्या, पलीकडे नव्या टॉवरच्या क्रेन. मावशी पायरीवर बसली. मी पाच-पंचवीस फोटो काढले. तेवढ्यात ती शेजारच्या बायकांशी बोलतेय एवढं मला दिसलं. मावशी कुठेही बोलते, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

मग आठवलं, डबा गाडीतच राहिला. मावशीला शुगर आहे, सकाळची गोळी घेऊन झालेली, वेळेवर खायला हवं. "तू इथेच बस, मी डबा घेऊन येते," मी म्हटलं.

"जा. मी कुठे पळतेय?"

गाडीपाशी गेले तर माझ्या मागे कोणीतरी टेम्पो लावलेला आणि त्यामागे रिक्षा, आणि गल्लीतला प्रत्येक माणूस मलाच गाडी काढायला सांगत होता. काढली, फिरवली, पुन्हा जागा शोधली, आणखी लांब लावली. घाटावर परत यायला बराच वेळ गेला.

पायरीवर मावशी नव्हती.

मी आधी घाबरले नाही, कारण फोन काढून पाहिला तर 'एक डिव्हाइस कनेक्टेड'. म्हणजे ती इथेच आहे, त्या मोठ्या खोलीच्या आत. मी हाका मारल्या. बाथरूमला गेली असेल म्हणून तिकडे जाऊन आले. कनेक्शन तुटलं. परत पायऱ्यांवर आले, परत जोडलं गेलं. व्हॉट्सॲपवर कॉल लावला. स्क्रीनवर नुसतं 'कॉलिंग' येत राहिलं, 'रिंगिंग' काही येईना. समोरच्याच्या फोनला नेट नसेल तर असं होतं हे मला माहीत होतं. पण नेट तर माझंच होतं आणि ते तिला मिळतंय असं माझाच फोन सांगत होता! मग मी म्हटलं, नेट हळू असेल.

त्यानंतर मी जे केलं ते बाहेरून फार विचित्र दिसलं असणार. हातात फोन धरून, डोळे त्या एका आकड्यावर ठेवून मी घाटावर येरझाऱ्या घालत होते. फाटकाकडे गेलं की शून्य. बागेच्या बाजूला गेलं की शून्य. पाण्याकडे आलं की एक. म्हणजे मावशी पाण्याच्या बाजूला. आणि पाण्याच्या बाजूला मावशी दिसत नव्हती. तो विचार डोक्यात आला. मी खाली शेवटच्या पायरीपर्यंत गेले. पाणी गढूळ, आतलं काहीच दिसत नाही. एक अजूनही एकच होता.

कोणाला फोन करावा? नचिकेतला? त्याला काय सांगू, तुझी आई माझ्या फोनात दिसतेय पण डोळ्यांना दिसत नाही?

तेवढ्यात मला एक आवाज आला. लहान बाळ खिदळत होतं, पण फोनमधलं. पायरीच्या कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीत तीन-चार बायका बसलेल्या. मधली पन्नाशीची, ठसठशीत नाकाची, गळ्यात भरपूर सोनं, हातात फोन लांब धरून बाळाशी गप्पा मारत होती. व्हिडिओ कॉल अगदी छान, न अडकता चाललेला.

माझ्या तोंडून जो प्रश्न निघाला तो मी आयुष्यात कोणाला विचारला नव्हता. "ताई, तुमच्या फोनमध्ये नेट कोणाचं आहे?"

तिने वर पाहिलं. "तुझा हाय काय गो?"

"माझं?"

"माझा डाटा संपला व्हता. नातीचा कॉल कट झाला. त तुझी मावशी बोलली, माझ्या भाचीचा नेट हाय, घे. तिनंच टाकून दिला पासवर्ड." मग फोनमधल्या सुनेला म्हणाली, "थांब गो, जिचा नेट हाय ती आली."

तिचं नाव वंदनाताई. मी तिच्या शेजारी मटकन बसले. म्हणजे तो एक म्हणजे मावशी नव्हतीच. मी गाडीकडे गेले तेव्हा दोघींचं नेट तुटलं. मी परतले तेव्हा इथेच बसलेल्या वंदनाताईंचा फोन आपोआप जोडला गेला. आणि मी इतका वेळ त्यांच्या नातीभोवती घिरट्या घालत होते.

"पण मावशी कुठे आहे?"

"ती त मगाशीच गेली. तुझी वाट बघून बघून कंटाळली. तुला मेसेज केलाय बोलली. काळ्या तलावाव जाते, तिकडं जुना घर व्हता बोलली. माझ्यासमोर रिक्षात बसली."

"मला काही मेसेज आला नाही!"

"मंग मला काय म्हाईत बाय? ती त फोन तोंडाशी धरून चांगली बोलत व्हती." वंदनाताईंनी माझ्याकडे जरा बघितलं आणि आवाज मऊ केला. "जा, काय व्हत नाय. शुद्धीत व्हती चांगली. मलाच इचारत व्हती, नातीला दात आले काय."

'शुद्धीत होती' हे शब्द घेऊन मी रिक्षात बसले. गाडी तिथेच सोडली. तुम्हीही कल्याणात हेच करा, आतल्या रस्त्यांना रिक्षाच बरी. रिक्षावाला बोलत होता, मला काही ऐकू येत नव्हतं. मी डोक्यात दोन्ही बाजू मांडत होते. तिने ठरवलं, कोणाला तरी सांगितलं, रिक्षा केली, पत्ता सांगितला. एकटी राहू शकणारी बाई असंच करेल ना? पण गोळी घेतलेली, बंद फोन हातात, अनोळखी झालेलं शहर, आणि मी 'इथेच बस' म्हटलं होतं. एकटी ठेवू नये अशी बाईही असंच करेल. एकाच वागण्याचे दोन अर्थ लागत होते आणि मला दोन्ही पटत होते.

काळा तलाव म्हणतात, पण आता तो देखणा केलाय. काठाने फिरायची वाट, झाडं, बाक, व्यायाम करणारी माणसं. तळं मोठं आहे, पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही. मी चालत सुटले. फोनवर शून्य. अर्ध्यापेक्षा जास्त फेरी झाली तेव्हा तिथे एक उमटला. या वेळी मी विश्वास ठेवला नाही. वंदनाताईंनंतर आणखी कोणाकोणाला पासवर्ड वाटला असेल कोण जाणे!

मग माझा फोन वाजला. पुन्हा वाजला. आणखी दोनदा वाजला. सुलभामावशीचे व्हॉइस मेसेज एकामागून एक येत होते. मी मान वर केली तर ती समोरच्या बाकावर बसलेली, पर्स मांडीवर, चेहरा उन्हाने लाल.

"किती उशीर लावलास!" ती म्हणाली. "मेसेज ऐकला नाहीस का?"

मी डबा उघडून तिच्या हातात दिला. तिने पोळीचा तुकडा मोडला तेव्हा तिचा हात थरथरताना दिसला. दोन-चार घास पोटात गेल्यावर तो थांबला. मग मी फोन कानाला लावला.

"आता मी इथे बसलेय ना? मग कशाला ऐकतेस?"

"ऐकू दे गं."

पहिला मेसेज घाटावरचा, अगदी कडक आवाजात. "केतकी, तू गाडीत अडकलेली दिसतेस. मी काळ्या तलावावर जातेय. रिक्षा मिळतेय. तिकडेच ये."

दुसरा, मागे रहदारीचा आवाज. "उतरले. अगं, आमची चाळ होती तिथे आता केवढी तरी मोठी बिल्डिंग आहे. खाली चष्म्याचं दुकान. बघते पुढे."

तिसरा मी दोनदा ऐकला. "केतकी, मला जरा कळत नाहीये. तळं डाव्या हाताला होतं ना? मी इकडून आले की तिकडून... तू फोन का करत नाहीस?" मग बराच वेळ नुसते हॉर्न. आणि शेवटी, फोनपासून तोंड लांब नेऊन, बारीक आवाजात, "अहो, जरा थांबा ना."

चौथ्यात पुन्हा तीच कडक मावशी. "सापडलं. एका बाईला विचारलं, तिने रस्ता दाखवला. बाकावर बसलेय. सावकाश ये, धावपळ करू नकोस."

यातला एकही मेसेज माझ्यापर्यंत पोचला नव्हता. तिला वाटत होतं ती माझ्याशी बोलतेय. रस्ता चुकलेली असताना ती फोनमध्ये बोलत होती आणि ते सगळं तिच्याच फोनात साठत होतं. आता मी शेजारी येऊन उभी राहिल्यावर ते चार हातांचं अंतर पार करून माझ्याकडे आलं होतं.

"गेलेच नव्हते मेसेज," मी तिला म्हटलं. "मी लांब गेले ना, नेट तुटलेलं."

ती पाण्याकडे बघत राहिली. "म्हणजे मी इतका वेळ कोणाशी बोलत होते?"

मी डब्याचं झाकण लावलं.

परत घाटापाशी जाऊन गाडी घेतली आणि पत्रीपुलावरून डोंबिवलीला आलो. स्टेशनजवळच्या एका छोट्या खाणावळीत जागा मिळायला थांबावं लागतं, पण थांबा. गरम थालीपीठ, लोण्याचा गोळा, सोबत दही. दोघींचं मिळून शहरातल्या एका कॉफीइतकंही बिल होत नाही. मावशीने अर्धं थालीपीठ संपवलं आणि अचानक म्हणाली, "नच्याने तुला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय ना?"

मी तोडलेला घास ताटातच ठेवला. "तुला कोणी सांगितलं?"

"मला एरवी भाजी आणायला एकटं सोडतेस आणि कालपासून जिन्यावरही हात धरतेस. काय सांगणार आहेस त्याला?"

"खरं सांगू? मला काहीच कळत नाहीये."

"मग तसं सांग." तिने दही पुढे ओढलं. "आणि ते मेसेज त्याला पाठव. पण चारही पाठव. तिसरा एकटा पाठवू नकोस. आणि तिसरा गाळून बाकीचेही पाठवू नकोस."

येताना आम्ही डोंबिवली पश्चिमेकडून मोठागाव–माणकोलीच्या पुलावरून आलो. खाडीवरून जाणारा हा रस्ता जमला तर नक्की घ्या, सकाळच्या ट्रेलरच्या रांगेसमोर स्वर्ग वाटतो. मावशीला झोप लागलेली. पुलाच्या मध्यावर तिचं नवं सिम चालू झाल्याचा मेसेज आला, तिला कळलंही नाही.

घरी आल्यावर मी चारही मेसेज नचिकेतला पाठवले. कॅनडात तेव्हा सकाळ असते. थोड्या वेळाने त्याचा व्हिडिओ कॉल आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. मला वाटलं तो डॉक्टर, तपासण्या, माणूस ठेवणं, असं काहीतरी बोलेल. तो आईलाच म्हणाला, "आई, तू 'अहो, जरा थांबा ना' कोणाला म्हणालीस?"

हा प्रश्न मला दिवसभर विचारायचा होता आणि धीर झाला नव्हता.

"तुझ्या बाबांना," मावशी म्हणाली. "आणखी कोणाला म्हणणार? त्या रस्त्याने ते कायम पुढे चालायचे आणि मी मागून ओरडायची. तोंडातून गेलं सवयीने. ते नाहीत हे मला माहीत आहे रे. पण रस्ता आठवेना तेव्हा पहिली तीच हाक आली."

मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले आणि स्वयंपाकघरात बराच वेळ उगाच नळ सोडून उभी राहिले. परत आले तेव्हा मावशी त्याला वंदनाताईंच्या नातीच्या दातांबद्दल सांगत होती.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मावशी वाईला तिच्या घरी गेली. जाण्याआधी आम्ही ठाण्यात एका डॉक्टरांना दाखवलं. वयाप्रमाणे थोडं विसरणं आहे, पुढे लक्ष ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा आणा, असं ते म्हणाले. मला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही, मावशीला मात्र पुरेसं वाटलं. शेजारच्या शिंदेकाकू सकाळ-संध्याकाळ डोकावतात. नवीन सिमला घरात रेंज आहे. गेल्या आठवड्यात मावशी भजनाहून येताना एक वळण चुकली, हे तिने स्वतःच फोन करून मला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. पहिल्यांदा सांगितलेलं विसरली होती की पुन्हा सांगावंसं वाटलं होतं, हे मी विचारलं नाही.

आम्ही कल्याणला जाऊन आलो त्याच आठवड्यात नचिकेतने मला परत लिहिलं होतं, की हो की नाही, एका शब्दात सांग, म्हणजे मला ठरवता येईल. मी बराच वेळ टाइप केलं आणि पुसलं. हो लिहिलं, त्यात मला तिसरा मेसेज ऐकू आला. नाही लिहिलं, त्यात चौथा. शेवटी लिहिलं, "मला माहीत नाही. एक दिवस तिच्याबरोबर चालून मला जेवढं कळलं तेवढंच आहे माझ्याकडे. तू ये. आणि पुढे चालू नकोस."

त्याने मे महिन्याचं तिकीट काढलंय. विमानतळावरून थेट वाई नाही, आधी कल्याण, असं मावशीने त्याला बजावलंय.